हायवे 49 : नेव्हाडा सिटी ते युबा पास गाडीने कसं जावं

कॅलिफोर्नियातला स्टेट रूट 49 जवळपास तीनशे मैल लांब आहे. त्याला 49 हा आकडा 1849 साली सोन्यासाठी धावून आलेल्यांमुळे मिळाला. सगळा करायचा हट्ट नको. पाइन-सीडरचं दाट जंगल आणि नॉर्थ युबा नदीची सोबत हवी, तर नेव्हाडा सिटीतून उत्तरेकडे निघा.

निघण्याआधी तिथेच टाकी भरा आणि ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या, दरीत रेंज जाते. डाउनिव्हिल गाव 45 मैलांवर आहे. सव्वा तासाचा रस्ता, पण थांबत जायचं तर अडीच तास धरा. वळणं इतकी सलग आहेत की मागे बसणाऱ्याला हमखास मळमळतं. त्याला पुढे बसवा. मागे पाच गाड्या साचल्या आणि ओव्हरटेक करणं धोक्याचं असेल, तर कडेच्या टर्नआउटवर (रस्त्याच्या बाजूला थांबायला रुंद केलेली जागा) जाऊन त्यांना वाट देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. डाउनिव्हिलमधल्या एकपदरी पुलावर समोरची गाडी आधी पुलावर आली असेल तर थांबा.

युनियन फ्लॅटच्या कॅम्पग्राउंडजवळ पॅन (उथळ, पसरट थाळी) घेऊन सोनं शोधता येतं. इतरत्र कोणाच्या क्लेमची (खाणकामाच्या हक्काची) पाटी दिसली की तिथे खणू नका. वाळू नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूची किंवा खडकाच्या भेगांतली घ्या. पॅन पाण्याखाली धरून जोरात हलवा, म्हणजे जड कण तळाशी बसतात. मग पॅन किंचित कलती करून वरची वाळू हळूहळू वाहू द्या. शेवटी काळी वाळू उरते, सोनं असलंच तर तिच्यात. घाई केली की तेही वाहून जातं. उन्हात चमकणारा पण सावलीत विझणारा, नखाने चुरणारा कण अभ्रकाचा. सोनं सावलीतही पिवळंच दिसतं. वसंतात मात्र काठावरूनच बघा : बर्फ वितळून पाणी गार आणि ओढ जबर असते, त्यात खडक निसरडे.

सिएरा सिटीनंतर चढ सुरू होतो, तो थेट सुमारे 6,700 फुटांवरच्या युबा पास या खिंडीपर्यंत. उतरताना खालचा गिअर ठेवा. ब्रेक सतत दाबून धरला की तापतो आणि पकड सोडतो. हिवाळ्यात बर्फामुळे साखळ्यांची सक्ती सांगणारी 'आर-2' पाटी लागली, तर चारही स्नो टायर असलेल्या फोर-व्हील ड्राइव्हखेरीज सगळ्यांना टायरांवर साखळ्या चढवाव्या लागतात. त्या गाड्यांनीही साखळ्या जवळ ठेवायच्याच. 'आर-3'ला कोणालाच सूट नाही. साखळीचं माप टायरच्या बाजूला छापलेल्या आकड्यांशी घरीच जुळवून बघा, आणि चढवल्यावर थोडं अंतर जाऊन पुन्हा ताणा. सैल साखळी आतून ब्रेकची नळी कापू शकते.