पॅनियर टँक इंजिन बघून त्याचा इतिहास कसा ओळखायचा

ब्रिटनमधल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा ५७०० क्लास, म्हणजे वाफेच्या पॅनियर टँक इंजिनांचा एक प्रकार, ओळखायला आधी पाण्याच्या टाक्या बघा, बॉयलरच्या दोन्ही बाजूंना खोगिराच्या पिशव्यांसारख्या लटकलेल्या असतात आणि खाली मोकळी जागा राहते. ती जागा फार कामाची, कारण तिथून फ्रेमच्या आतल्या मशिनरीला तेल घालायला हात पोचतो. खाली ६ चाकं, सगळी जोडलेली.

मग केबच्या (ड्रायव्हर उभा राहतो त्या खोलीच्या) समोरच्या खिडक्या बघा, गोल असतील तर सुरुवातीची बॅच, रेल्वेचा मुख्य यांत्रिक अभियंता कॉलेट याच्या काळातली, १९२९ पासूनची. मोठ्या, चौकोनी वळणाच्या असतील तर १९३३ नंतरचा ८७५० प्रकार. माझ्यामते हीच सगळ्यात सोपी खूण.

नंबरप्लेट वाचायला विसरू नका! ९७०० ते ९७१० असेल तर ते लंडनच्या भुयारी मार्गावर चालायला बनवलेलं, वाफ परत टाकीत सोडून थंड करणारं इंजिन. ५७०० क्लासची सगळी मिळून १९५० पर्यंत एकूण ८६३ बनली, म्हणजे केवढा पसारा!

आणि रंग मरून असून नंबर एल अक्षराने सुरू होत असेल तर नीट थांबून बघा, लंडन ट्रान्सपोर्टने १३ विकत घेतली होती आणि ती पार १९७१ पर्यंत राबली.