लेकरांना रविवारी न्यायचं कुठं?

संभाजीनगरात क्लास शोधायचा तर जाहिरातीचे फलक बघू नका, शाळा सुटताना गेटवर उभं राहा. तबला कोण नीट शिकवतं, पोहायला कुठं गर्दी कमी, हे रिक्षावाल्या काकांना नि इतर आयांना पक्कं ठाऊक असतं. पैसे भरण्याआधी एक तास लेकराला नुसतं बसू द्या. तीन महिन्यांची फी एकदम मागितली तर मी सरळ उठते. उन्हाळी शिबिर असेल तर सकाळचंच. मे महिन्यात अकरानंतर मैदानावर लेकरं उभी करणाऱ्यांना काय म्हणावं!

सहलीचं सोपं आहे. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. सुट्टी त्या दिवशी आली की पाहुणे हमखास फसतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. वेरूळच्या सगळ्या ३४ लेण्या दाखवायच्या भानगडीत पडू नका. सोळावं कैलास लेणं घ्या, वरून खाली कोरलंय एवढं सांगा आणि हत्ती मोजायला लावा. दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत मात्र हात धरूनच चला, टॉर्च हवाच. थंडीत जायकवाडीला पक्षी बघायला पहाटेच निघा, दशम्या-चटणी बांधून.