वजाबाकीत फुली मारण्याआधी : गणित शिकवताना या चुका टाळा

५२ वजा ३८. पोरगा उत्तर लिहितो २६. आपण लाल पेनानं फुली मारतो, बाजूला १४ लिहितो आणि पुढची वही ओढतो. माझी पहिली काही वर्षं अशीच गेली. एकदा सहज विचारलं, "कसं केलंस रे?" तो म्हणाला, "मोठ्यातून लहान काढलो ना जी. आठातून दोन, पाचातून तीन."

म्हणजे पोराला वजाबाकी येत नाही असं नव्हतं. 'लहान संख्येतून मोठी जात नाही' हे मीच त्याला पहिलीत पाठ करून दिलं होतं आणि तो ते इमानदारीनं पाळत होता. तेव्हापासून माझा एकच नेम आहे, फुलीच्या आधी "कसं केलंस?" हा प्रश्न. निम्म्या चुकांचं मूळ आपल्याच तोंडच्या एखाद्या वाक्यात सापडतं.

'उसना घे' म्हणून मोकळं होऊ नका

खेड्यातल्या पोराला उसनं म्हणजे काय ते पक्कं माहीत असतं. शेजारून वाटीभर साखर आणली की परत करावी लागते. तिसरीतल्या एका मुलीनं मला विचारलंच, "उसना घेतला, मंग वापस कधी करायचा जी?" तिचं चुकलं कुठे? आता मी 'दशक सोडला' म्हणतो.

त्यासाठी खराट्याच्या काड्या घ्या. दहा-दहांचे पाच गठ्ठे सुतळीनं बांधा, दोन काड्या सुट्या ठेवा. "यातल्या अडतीस दे" म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं हेच अवघड आहे. पोरगा आधी तीन गठ्ठे देतो. मग आठ काड्या शोधतो, हाती दोनच लागतात. जरा वेळ आपल्या तोंडाकडे पाहतो आणि विचारतो, "गठ्ठा सोडू का?" त्यानं सुतळी सोडली की बारा सुट्या होतात, आठ जातात, उरतात एक गठ्ठा आणि चार काड्या. हे चार-पाच दिवस हातानं झाल्यावरच फळ्यावर मांडा. हातच्याचं उलटं : सुट्या दहा झाल्या की बांधा गठ्ठा.

संख्येचं नाव आणि अंक यांत गफलत

'त्रेसष्ट' ऐकून मूल ३६ लिहितं. आपण त्याला बावळट ठरवतो, पण तोंडातून तीन आधी निघतो आणि पाटीवर सहा आधी येतो, हा मराठीचाच पेच आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. माझं मत विचाराल तर टिंगल करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी सहा-सात वर्षांच्या पोराला त्रेसष्ट लिहायला लावून पाहिलं असेल. मी दोन्ही म्हणून घेतो : "साठ आणि तीन, त्रेसष्ट." त्रेसष्ट सोडायचं कारण नाही, बाजारात तेच चालतं.

'एकोण'ची भानगड वेगळी. एकोणसाठ ऐकलं की कानात साठ राहतं आणि पाटीवर ६९ उमटतं. 'साठाला एक कमी' हे मणीमाळेवर बोट ठेवून दाखवा. या रांगेत एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळं सरळ चालतं आणि शेवटी नव्याण्णव आडवं येतं. आमच्या वर्गात एक पोरगा 'एकोणशंभर' म्हणाला. वर्ग हसला, मीही हसलो. खरं तर त्या दिवशी नियम कळलेला तो एकटाच होता.

माडिया किंवा गोंडी बोलणारी मुलं वर्गात असतील तर आधी त्यांना त्यांच्या भाषेत मोजू द्या. वस्तू तेवढ्याच राहतात, मराठी नाव मागून चिकटतं.

शून्य गिळणं, शून्य वाढवणं

तीनशे चार ऐकून मूल ३००४ लिहितं, कारण त्याला तीनशे आणि चार असे दोन तुकडे ऐकू आले आणि त्यानं ते शेजारी मांडले. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापा. लांब पट्टीवर ३००, छोटीवर ४. छोटी पट्टी लांब पट्टीच्या उजव्या टोकावर ठेवली की शेवटचं शून्य झाकतं आणि ३०४ दिसतं. भागाकारात ६१२ ला ६ नं भागून १२ लिहिणाऱ्यांना आधी अंदाज विचारा : "सहाशेचे सहा वाटे केले तर एकेकाला किती?" शंभर म्हणाला की १२ चुकलंय हे त्याचं त्यालाच दिसतं.

शब्दावर उडी

'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, अशी युक्ती आपण परीक्षेपुरती शिकवतो. मग हे गणित घालून पाहा : मंदाने ५ बोरं वाटली, ८ उरली, आधी किती होती? अर्धा वर्ग ३ लिहील. 'बरोबर' शब्दाचंही तसंच. मराठीत तो 'समान'ही आहे आणि 'अचूक'ही, त्यामुळे ८ + ४ = __ + ५ दिलं की कित्येक जण रिकाम्या जागी १२ लिहून टाकतात. तिथे फळ्यावर तराजू काढा.

पाढ्यांबद्दल एवढंच : म्हणायला लावा, पण मधूनच 'सात सक?' विचारल्यावर सात एकेपासून सुरू होणारं मूल अजून पाढा शिकलेलं नाही.

घरचं गणित दाराबाहेर ठेवणं

ही चूक मला सगळ्यांत उशिरा कळली. आमच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत घरंच्या घरं तेंदूपत्त्याला, म्हणजे विडीची पानं तोडायला, जातात. सत्तर पानांचा एक पुडा, आणि फळीवर, म्हणजे पुडे विकत घेतात तिथे, भाव शंभर पुड्यांचा. पुडे बांधायला पोरंही हात लावतात. शाळा उघडल्यावर पाचवीतल्या एकीनं फळ्यावर ७० × ६ चं उत्तर ४२ लिहिलं. मी म्हटलं, "बरं, सहा पुड्यांत पानं किती?" तिनं मान वर न करता सांगितलं, "चारशे वीस." कसं? "पाच पुड्यांचे साडेतीनशे, वरचा एक सत्तरचा."

अशी कोडी सगळीकडेच आहेत. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. त्यातली मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी चोख करत होती आणि शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या गणितात अडत होती.

मी तिच्या ४२ शेजारी ४२० लिहिलं आणि पुसायचं कुठलं ते तिलाच विचारलं. तिनं ४२ पुसलं, मग खडू परत न देता माझ्यासाठी गणित घातलं : नऊ पुडे, तोंडी. मी सात नव्वे करून शून्य जोडेपर्यंत तीच म्हणाली, "दहाचे सातशे जी. एक पुडा काढा त्यातून."