लारावेल अपग्रेड करताय? आधी कंपोझरची लॉक फाइल वाचायला शिका

सरळ मुद्द्यावर येते. लारावेल, म्हणजे पीएचपी भाषेत वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क (तयार सांगाडा), त्याच्या १० व्या वर्जनवरचा प्रोजेक्ट हातात आलाय आणि क्लायंटच्या सिक्युरिटी ऑडिटमध्ये 'फ्रेमवर्कचा सपोर्ट संपलाय' असा लाल शेरा पडलाय, ही वेळ तुमच्यावर कधी ना कधी येणारच. १० ला सिक्युरिटी फिक्स फेब्रुवारी २०२५ पर्यंतच होते. लारावेलचं गणितच तसं आहे, बग फिक्स १८ महिने आणि सिक्युरिटी २ वर्षं, त्यामुळे नवी मुंबईत महापे-ऐरोलीच्या कुठल्याही छोट्या कंपनीत जा, दोन-तीन प्रोजेक्ट मुदत संपलेले सापडतातच, आणि ते काम बरोबर नवीन पोरापोरींच्या गळ्यात पडतं कारण सिनियर लोकांना नवीन फीचर करायचं असतं. घाबरू नका. काम कंटाळवाणं आहे पण जमतं, आणि खरं सांगू का, फ्रेमवर्क आतून कसं चालतं ते मला फीचर लिहून कधी कळलं नाही, अपग्रेड करताना कळलं.

कंपोझर म्हणजे प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) आणणारं साधन, आणि कोणत्या पॅकेजचं नक्की कोणतं वर्जन बसलंय ते लॉक फाइलमध्ये लिहिलेलं असतं. इन्स्टॉल आणि अपडेट यातला फरक (इन्स्टॉल लॉक फाइलमधलीच वर्जन आणतं, अपडेट नवीन शोधून लॉक फाइल बदलतं) तुम्हाला माहीत आहे असं धरते. तरी एकदा बोलते, सर्व्हरवर कंपोझर अपडेट मारायचं नाही. कधीच नाही. अपडेट लॅपटॉपवर, लॉक फाइल गिटमध्ये (कोडचे बदल नोंदवून ठेवणारं साधन), सर्व्हरवर फक्त इन्स्टॉल. हे न पाळणारे सिनियर मी पाहिलेत, तुम्हीही पाहाल, त्यांचं ऐकू नका.

आता जी गोष्ट मला अजून टोचते ती. आमचं सॉफ्टवेअर हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढायचं, ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या बऱ्याच सोसायट्या त्यावर होत्या. १० वरून ११ वर नेलं, टेस्ट सगळ्या हिरव्या, पानं उघडतायत, लॉगमध्ये एक एरर नाही. महिन्याची बिलं निघाली आणि एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा सपोर्टला फोन: "अहो मॅडम, जो पैसे थकवतो त्यालाच तुम्ही सूट देताय, मग वेळेवर भरणारे आम्ही काय वेडे का?"

काय झालं होतं ते नीट समजून घ्या, मी जरा जास्तच लांबण लावणार आहे. लारावेलमध्ये तारखांचं सगळं काम कार्बन नावाचं पॅकेज करतं. ते तुम्ही मागवलेलं नसतं, तुमच्या कंपोझर डॉट जेसनमध्ये (तुम्ही मागवलेल्या पॅकेजेसची यादी) त्याचं नावही नसतं, फ्रेमवर्कच्या पाठोपाठ ते येतं. लग्नाला एकाला बोलवावं आणि मागून अख्खं खटलं यावं तसं. लारावेल ११ ला कार्बन २ पण चालतं आणि ३ पण चालतं, आणि दोन्ही चालत असतील आणि कोणी अडवलं नाही तर कंपोझर नवीन तेच उचलणार. म्हणजे आम्ही फ्रेमवर्क बदलतोय असं समजत होतो आणि खाली तारखांचं पॅकेज पण एक मेजर वर्जन पुढे, २ वरून ३ वर, गेलं होतं. अपग्रेड गाइडमध्ये त्याचा उल्लेख आहे, पण थोडक्यात, आणि 'आपण कार्बन कुठे टाकलंय' म्हणून सगळे पुढे सरकले.

कार्बन २ मध्ये दोन तारखांमधले दिवस काढणारं डिफ-इन-डेज हे पूर्ण आकडा द्यायचं आणि नेहमी धन. आजपासून ड्यू डेटपर्यंत मोजा किंवा ड्यू डेटपासून आजपर्यंत मोजा, उत्तर ४० म्हणजे ४०. कार्बन ३ मध्ये तेच फंक्शन अपूर्णांक देतं आणि दिशा बघतं, मागची तारीख असेल तर उत्तर उणे. आमच्या कोडमध्ये 'आज'कडून ड्यू डेटकडे मोजलं होतं. बिलाचा क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) रात्री २ ला चालायचा, म्हणून वरच्या २ तासांसकट ४० च्या जागी उणे ४०.०८३३ असं काहीतरी आलं. आता ६,००० ची थकबाकी घ्या, सोसायटीचं व्याज वर्षाला २१ टक्के, ४० दिवसांचे होतात १३८ रुपये. ते १३८ वाढायच्या ऐवजी वजा झाले आणि थकबाकीदाराला बिल गेलं ५,८६२ चं. आणि एरर कशाला येईल, गणित तर झालंच ना. टेस्ट हिरव्या कारण त्या फक्त बिलाचं पान २०० ('पान नीट उघडलं' हा कोड) देतं का एवढंच बघत होत्या, रक्कम कोणी तपासतच नव्हतं. गंमत म्हणजे एका जुन्या रिपोर्टच्या फाइलमध्ये स्ट्रिक्ट टाइप्स (चुकीच्या प्रकारचा आकडा आला तर लगेच एरर) चालू होते आणि फंक्शनला इंट (फक्त पूर्ण आकडा) लावलेला होता, ती एकच जागा आपटली असती आणि सगळं वेळेत कळलं असतं, पण तो रिपोर्ट कोणी उघडायचंच नाही.

दुरुस्ती करताना सगळ्यांचा पहिला हात जातो डिफ-इन-डेजच्या दुसऱ्या पॅरामीटरला ट्रू ('दिशा बघू नको') देण्याकडे, मग उत्तर परत धन येतं. करू नका, किंवा करायचंच असेल तर समजून करा. अपूर्णांक तसाच राहतो, आणि ज्याची ड्यू डेट अजून पाच दिवस लांब आहे त्यालाही पाच दिवस 'उशीर' दिसतो. जुन्या कोडला उशीर आणि लवकर यातलं काही कळतच नव्हतं, वर एक वेगळा इफ होता म्हणून निभावलं. त्यापेक्षा ड्यू डेटकडून आजकडे मोजा आणि इंटमध्ये टाका, उशीर झाला तर धन, वेळ असेल तर शून्य किंवा उणे. आणि 'डिफ-इन' हा शब्द अख्ख्या प्रोजेक्टमध्ये शोधा, ब्लेड फाइलमध्ये (लारावेलच्या पानांच्या फाइल) पण, एक्सेल एक्सपोर्टमध्ये पण. आमच्याकडे स्क्रीनवर 'उणे ४०.०८३३३३ दिवस बाकी' असं छापून येत होतं आणि टेस्टिंगवाल्याला ते डिझाइनचं काम वाटलं.

म्हणून माझी पद्धत आता अशी आहे. आधी १० च्याच शेवटच्या पॅचवर (छोट्या दुरुस्त्यांच्या वर्जनवर) जायचं आणि ते लाइव्ह करायचं. मग ११, पण कार्बनला ^२.७२ वर (२.७२ किंवा पुढचं, पण ३ नाही) मुद्दाम बांधून ठेवायचं. तेही लाइव्ह. मग कार्बन ३ एकटं. प्रत्येक टप्प्याला लॉक फाइलचा वेगळा कमिट (गिटमधली नोंद), आणि त्या कमिटचा डिफ, म्हणजे काय काय बदललं ते, चहा घेऊन बसून वाचायचा, ज्या पॅकेजचा पहिला आकडा बदललाय त्याचा चेंजलॉग उघडायचाच. हे टाळून १२ वर उडी मारू असं डोक्यात असेल तर तिथे कार्बन २ चालतच नाही, त्यामुळे ही भानगड आज नाही तर उद्या आहेच. अपडेट मारायच्या आधी ड्राय-रन (नुसती रंगीत तालीम, प्रत्यक्षात काही बदलत नाही) मारा, आणि काही अडलं तर व्हाय-नॉट कमांड कोणतं पॅकेज आडवं येतंय ते स्पष्ट सांगते, अर्ध्या वेळा ते दोन वर्षं कोणी हात न लावलेलं पीडीएफचं नाहीतर एसएमएसचं पॅकेज असतं.

ते कंपोझरला 'पीएचपीचं वर्जन जुळतं का ते बघूच नको' असं सांगणारं 'इग्नोर प्लॅटफॉर्म रिक्स' वालं ऑप्शन इंटरनेटवर प्रत्येक उत्तराखाली दिसेल. तो उपाय नाही. ११ ला पीएचपी ८.२ लागतं, तुमच्या लॅपटॉपवर ८.३ असेल आणि सर्व्हरवर ८.२, तर कंपोझरच्या कॉन्फिगमध्ये प्लॅटफॉर्म पीएचपी ८.२ लिहून ठेवा, लॉक फाइल त्या हिशोबाने बनते. एआयला विचारा, हरकत नाही, शिफ्टसारखी पैसे देऊन अपग्रेड करणारी सर्व्हिस पण चांगली आहे, पण थकबाकीदाराला सूट द्यायची नाही हे त्यातल्या कोणाला माहीत नाही.

मेंटरबद्दल माझं मत थोडं कडू आहे. 'चालतंय ना, मग हात कशाला लावतेस' असं म्हणणारा मेंटर आणि 'आजच्या आज १२ वर ने' म्हणणारा मेंटर, दोघंही स्वतः रात्री फोन उचलत नाहीत. जो तुमच्याबरोबर बसून लॉक फाइलचा डिफ बघतो त्याला धरून ठेवा. नसेल मिळत तर नसू दे, मला पण नव्हता, जमलं.

११ मध्ये अजून एक, थोडक्यात. मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइल) चेंज वापरून कॉलम बदलताना नलेबल, डिफॉल्ट, अनसाइन्ड असं कॉलमचं जे जे ठेवायचंय ते परत लिहावं लागतं, नाही लिहिलं तर उडतं. जुनी मायग्रेशन्स पण बघा, नवीन डेटाबेस उभा करताना ती परत चालतात.

लाइव्ह करायचा दिवस शुक्रवार नको आणि महिन्याची एक तारीख तर अजिबात नको, बिलं निघतात. डेटाबेसचा बॅकअप आधी घ्या, गिट मागे नेता येतं, बदललेला कॉलम आपोआप मागे येत नाही. जुन्या आणि नव्या कोडने त्याच डेटावर शंभरेक बिलं काढून रकमा शेजारी शेजारी ठेवून बघा, हे एक केलं तरी पुरे. आणि डिप्लॉय झाल्यावर क्यू रीस्टार्टची कमांड मारा, वर्कर (क्यूमधली, म्हणजे रांगेतली कामं मागे करणारे प्रोग्रॅम) मेमरीत जुनाच कोड धरून बसलेले असतात, मग निम्म्या लोकांना नवीन बिल आणि निम्म्यांना जुनं जातं आणि तुम्ही रात्री घणसोली स्टेशनवर उभं राहून मोबाइलवर लॉग वाचत बसता.