विडर ठेवताना आणि पंपाचं इंजिन काढताना

सोयाबीन निघालं, कपाशीतली मशागत संपली, की पॉवर विडर, म्हणजे तण काढायचं छोटं मशीन, आणि ग्रासकटर शेडच्या कोपऱ्यात जातात. त्याच आठवड्यात हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला पंपाचं इंजिन बाहेर येतं. माझ्या पाहण्यात लहान इंजिनं कामात फारशी बिघडत नाहीत. बिघडतात ती याच आलटापालटीत.

आमच्या विहिरीवर लिस्टर पद्धतीचं ऑइल इंजिन होतं. मूळ इंजिन इंग्लंडातल्या डर्स्ली गावचं, १९२९ च्या सुमाराचं; पुढे राजकोटच्या कारखान्यांनी तसंच इंजिन बनवून देशभर पोचवलं. हँडल मारायचं, फ्लायव्हीलला वेग आला की खटका पाडायचा, आणि ठक् ठक् सुरू. ऑइल शेवटचं कधी बदललं हे घरात कुणालाच सांगता येत नसे. तरी ते वर्षानुवर्षं चाललं, कारण ते मिनिटाला जेमतेम ६५० फेरे घ्यायचं. क्रँक जाडजूड, अंग दांडगं, गार ठेवायला विहिरीचं पाणी. झीज व्हायला त्याला घाईच नव्हती.

त्या इंजिनाची सवय विडरला लावली, की नुकसान ठरलेलं. विडरचं पेट्रोल इंजिन ३६०० फेऱ्यांपर्यंत जातं आणि पोटात ऑइल साधारण ६०० मिली. तेही टिकाऊ आहे, वर्षानुवर्षं साथ देतं, पण तेवढ्या ऑइलवरच. शंभर तासांनी ऑइल बदला असं पुस्तकात लिहिलेलं असतं, ते आपल्याला फार लवकर वाटतं. मोटरसायकल ताशी ४० किलोमीटरने शंभर तास चालवली तर ४००० किलोमीटर होतात. तिथे आपण ऑइल बदलतोच ना? नवीन मशीनचं पहिलं ऑइल तर २० तासांतच काढा, त्यात सुरुवातीच्या झिजेचा बारीक चुरा असतो. रोज सकाळी मशीन सपाट जागेवर ठेवून ऑइलची पातळी दाखवणारी काडी बघा. उताराच्या रानात ऑइल एका बाजूला जातं; पातळी आधीच कमी असेल तर कनेक्टिंग रॉडला ऑइल मिळत नाही आणि तो तुटतो. सहाशे मिली ऑइल वाचवून अख्खं इंजिन घालवू नका.

आता ठेवण्याचं. इथे मी स्वतः चुकलोय. टाकीत अर्धं पेट्रोल तसंच ठेवलं, पुढच्या जूनमध्ये दोरी ओढून खांदा दुखला, कार्बोरेटर उघडला तर जेटमध्ये चिकट राळ. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. म्हणून टाकी रिकामी करा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, मग कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढा. ऑइल गरम असतानाच बदला, गाळ त्याच्याबरोबर निघतो. इंजिन निवल्यावर प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग बसवा आणि पुन्हा ओढताना जिथे जड लागेल तिथे थांबा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दमट हवा आत शिरत नाही. पंख्याच्या झाकणाखालचा भुसा ब्रशने काढा, एअर फिल्टरचा स्पंज धुऊन वाळवा. वरून गोणपाट टाका. प्लास्टिकखाली घाम धरतो.

टू-स्ट्रोक ग्रासकटरला वेगळं ऑइल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. पुस्तकात २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिली, ५० ला १ असेल तर २० मिली. अंदाजाने ओतू नका.

डिझेल इंजिन बाहेर काढताना आधी टाकीच्या तळाचं पाणी आणि गाळ काढा. फ्युएल पंप आणि नोजल पाण्याने खराब होतात, आणि त्यांचा खर्च मोठा. कॅनमधलं डिझेल दिवसभर न हलवता ठेवा, वरचं गाळून घ्या, तळाचं सोडून द्या. हँडल मारून सुरू होत नसेल तर लगेच नोजल खोलू नका, आधी डिझेलच्या नळीत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढा. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पंप पाणी साधारण ६ ते ७ मीटरच ओढू शकतो, म्हणून पाणी खाली गेलं की लोक इंजिनच विहिरीत उतरवतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि विहिरीत तो साचून राहतो. इंजिन काठावरच ठेवा. पाणी खोल असेल तर जनरेटर वर ठेवून खाली सबमर्सिबल सोडा, नाहीतर वीज येईपर्यंत थांबा. आणि कुणी आत कोसळलाच, तर इंजिन बंद करा, माणसं बोलवा, पण त्याच्यामागे खाली उतरू नका.