टेबल सॉचा स्विच बदलताना या चुका टाळा

टेबल सॉ बंद पडली की आधी सियागंजचा बाजार गाठायचा, नवा स्विच आणून ठोकायचा आणि महिन्याभरात तोही जळाला की दुकानदाराच्या नावानं बोटं मोडायची. इंदुरातल्या छोट्या फर्निचर कारखान्यांत हेच चालतं. स्विच क्वचितच आपणहून मरतो. त्याला काय मारतंय ते आधी शोधा.

स्विचच गेलाय कशावरून?

बटण दाबल्यावर मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही? सिंगल फेज मशीन असेल तर स्विचला हात लावू नका. स्टार्ट कपॅसिटर गेला असेल किंवा मोटरच्या आतल्या सेंट्रिफ्यूगल स्विचमध्ये (मोटर वेगात आली की स्टार्टचा भाग तोडणारा) भुसा अडकला असेल. थ्री फेजवर मात्र याच लक्षणाचा अर्थ एक फेज मिळत नाही असा होतो, आणि तिथे स्विचचा एक पोल, म्हणजे एका तारेचा कॉन्टॅक्ट, जळालेला असू शकतो. अजिबात आवाज नसेल तर प्लग, एमसीबी आणि मोटरवरचं ओव्हरलोडचं रीसेट बटण, या क्रमाने बघा. मोटर गरम असताना ते बटण बसत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबा. तेवढाही धीर नसलेली मंडळी मोटर थंड व्हायच्या आत स्विच खोलून बसतात.

बटण दाबून धरलं तर चालते, सोडलं की बंद, असं असेल तर मुख्य कॉन्टॅक्ट ठीक आहेत. अशा मशीनवरच्या नो-व्होल्ट स्विचला (लाइट गेली की आपोआप सुटणारा) धरून ठेवणारी कॉइल तरी गेलीय, नाहीतर तिला न्यूट्रल मिळत नाहीये, किंवा आर्मेचरखाली, म्हणजे कॉइल ओढून धरते त्या लोखंडी तुकड्याखाली, भुसा बसलाय. आणि सुरू होताना एक झटका देऊन लगेच सुटत असेल तर एक्स्टेंशन बोर्ड बघा. बारीक तारेच्या लांबलचक एक्स्टेंशनवर मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहापट करंट ओढते, व्होल्टेज खाली बसतं आणि कॉइल सोडून देते. म्हणजे स्विच आपलं काम चोख करतोय, आणि आपण त्यालाच फेकायला निघालोय.

मीटर वाजला म्हणजे स्विच ठीक, हा भ्रम

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. प्लग काढला, प्रोब लावले, बीप वाजला, स्विच पास! मल्टीमीटर कंटिन्युइटी तपासताना जेमतेम काही मिलिअँपिअर सोडतो. 2 एचपीची सिंगल फेज मोटर साधारण 10 अँपिअर घेते. काळवंडलेल्या कॉन्टॅक्टचा एखादा कण टेकलेला असला तरी बीप वाजतोच. खऱ्या लोडवर तोच कॉन्टॅक्ट तापतो.

खरी तपासणी लोडवर करायची. प्लग काढलेला असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून क्लिपवाले प्रोब एकाच पोलच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टर्मिनलला अडकवा, हात बाजूला घ्या, मग मशीन चालू करा. चांगला कॉन्टॅक्ट जवळजवळ शून्य दाखवतो. चार-पाच व्होल्ट दिसले तर 10 अँपिअरवर तिथे 40-50 वॅट उष्णता तयार होतेय, म्हणजे डब्यात सोल्डरिंग आयर्नच पेटवून ठेवलंय. चालू लाइनवर काम करायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्लग काढून वितळलेलं प्लास्टिक आणि तारांच्या टोकांचे तपकिरी पडलेले लग्स पाहिलेत तरी बरंच कळतं.

कॉन्टॅक्टवर पॉलिश पेपर मारू नका. वरचा चांदीच्या मिश्रधातूचा थर निघून जातो. तेलाचा स्प्रेही नको, त्यावर एमडीएफची पूड चिकटते.

‘तात्पुरतं डायरेक्ट करून टाका’

दोन तारा पिळल्या, टेप गुंडाळली आणि मशीन भिंतीवरच्या 16 अँपिअरच्या बटणावर. हे तात्पुरतं वर्षभर टिकतं.

आषाढातली दुपार, प्लायची पट्टी अर्धी कापून झालीय आणि लाइट गेली. सगळे चहाला उठले. भिंतीवरचं बटण चालूच. पोऱ्या पात्याला अडकलेला तुकडा काढायला वाकतो आणि नेमकी तेव्हाच लाइट येते. नो-व्होल्ट स्विच असता तर लाइट जाताच कॉइल सुटली असती आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय पातं हललं नसतं. टेबल सॉवर साधा टॉगल किंवा घरगुती बटण बसवणाऱ्याला मिस्त्री म्हणवत नाही.

बसवताना

प्लग उपसून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कपॅसिटरला हात लागणार असेल तर आधी तो 100 वॅटच्या साध्या बल्बमधून डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणं हा शहाणपणा नव्हे. तारा काढण्याआधी फोटो घ्या. रंगावर विसंबू नका: अमेरिकन वायरिंगच्या मशीनमध्ये काळी तार फेज असते, आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल.

सिंगल फेज मशीनला स्विच डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) हवा, मोटरच्या नेमप्लेटवरच्या करंटपेक्षा वरच्या रेटिंगचा, आणि कॉइल 230 व्होल्टची. 110 ची कॉइल इथे पहिल्याच झटक्यात धूर सोडते. इनपुट-आउटपुट उलटं जोडू नका. बहुतेक नो-व्होल्ट स्विचमध्ये कॉइल आउटपुटच्या बाजूने असते. उलट जोडलं की मशीन बंद असतानाही तिला सप्लाय मिळतो, आणि आर्मेचर उघडं असताना एसी कॉइल जास्त करंट ओढून जळते. ‘नवा स्विचही खराब निघाला’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

2.5 चौरस मिमीची तांब्याची लवचिक तार, टोकाला क्रिम्प केलेले थिंबल. सुटे तंतू पिळून स्क्रूखाली दाबलेत तर कंपनाने ते सैल होतातच. अर्थिंग मशीनच्या बॉडीला, आणि तीही रंग खरवडून.

पहिली चाचणी पट्टा उतरवून घ्या. मोटर चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करा, ती पूर्ण थांबू द्या, पुन्हा चालू करा. आपोआप फिरली तर वायरिंग चुकलंय, परत खोला. नाही फिरली तर पट्टा चढवा, केबल आत जाते तिथे ग्लँड घट्ट करा म्हणजे भुसा आत जाणार नाही, आणि आठवड्याने प्लग काढून सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळा.