मुलांच्या शारीरिक हालचालीचे मूल्यमापन कसे करावे

देशातील मुले पुरेशी हालचाल करतात का, हे तपासण्यापूर्वी ‘पुरेशी’ म्हणजे किती, ते ठरवून घ्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींनी आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस तीव्र हालचालींबरोबर स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायामही करावेत. मध्यम कशाला म्हणायचे याची सोपी खूण अशी, की हालचाल करताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही. ‘सरासरीने’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जगातील ११ ते १७ वर्षे वयाची ८१ टक्के शाळकरी मुले अपुरी हालचाल करतात, हा २०१६ सालासाठी काढलेला आणि वारंवार उद्धृत होणारा आकडा ‘दररोज ६० मिनिटे’ या जुन्या, अधिक कडक निकषावर आधारलेला आहे. त्यामुळे आपले नवे आकडे त्याच्याशेजारी मांडून सुधारणा झाली असे म्हणणे चुकीचे ठरेल.

सर्वांत जास्त वेळ प्रश्नाच्या शब्दांवर खर्च करावा, असे माझे मत आहे. ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस तू एकूण किमान ६० मिनिटे हालचाल केलीस?’ हा प्रश्न अनेक देशांच्या शालेय पाहण्यांत विचारला जातो. पण आपल्याकडे ‘हालचाल’ऐवजी ‘व्यायाम’ हा शब्द घातला की उत्तर बदलते. बडोद्यात दांडिया बाजारातील एका सहावीतल्या मुलीला मी तसे विचारले, तेव्हा ती म्हणाली, “काका, एकही दिवस नाही.” ही मुलगी रोज मांडवीहून सायकलने शिकवणीला येते, आणि पाण्याच्या बादल्या घेऊन दोन जिने चढते, हे पुढच्या दहा मिनिटांच्या गप्पांत कळले. भारतातील मुलींमध्ये अपुऱ्या हालचालीचे प्रमाण इतर अनेक देशांतील मुलींपेक्षा कमी दिसते, याचे एक संभाव्य कारण म्हणून संशोधकांनी घरकामाचाच उल्लेख केला आहे. म्हणून मुख्य प्रश्नापूर्वी शाळेत जाणे-येणे, घरकाम, मधली सुट्टी, मैदान आणि आखाडा यांची एकेक करून आठवण करून द्यावी, आणि प्रश्नावली मराठी, गुजराती, हिंदी अशा ज्या भाषेत मूल घरी बोलते त्या भाषेत आधी थोड्या मुलांवर तपासून घ्यावी.

पाहणीचा आठवडा निवडतानाही असेच सावध राहावे. नवरात्रीत बडोद्यातील मुले रात्री उशिरापर्यंत गरबा खेळतात. त्या आठवड्यात पाहणी केली तर शहर फारच चपळ दिसेल, आणि परीक्षेच्या दिवसांत किंवा मे महिन्याच्या उन्हात केली तर तेच शहर आळशी ठरेल. वर्षातून निदान दोन वेगवेगळ्या ऋतूंत माहिती गोळा करावी व गरब्याच्या नऊ रात्रींची वेगळी नोंद ठेवावी. ती नोंद वगळून टाकू नये, कारण तीही खरी हालचाल आहे.

कंबरेला बांधायचे, हालचाल मोजणारे ॲक्सेलरोमीटर हे यंत्र मुलांच्या आठवणीवर अवलंबून नसते, म्हणून शक्य असेल तेथे थोड्या मुलांना ते सात दिवस बांधावे, आणि किमान चार दिवसांची, त्यांत एका सुट्टीच्या दिवसाची, पुरेशी नोंद असेल तरच ती ग्राह्य धरावी. मात्र हे यंत्र धावणे-चालणे चांगले टिपते, तर सायकल चालवणे पुष्कळ कमी दाखवते. जुम्मादादा व्यायाममंदिराची परंपरा असलेल्या या शहरात आणखी एक अडचण येते: डंड मारणाऱ्या किंवा मल्लखांबावर पकड धरून राहिलेल्या मुलाचे श्रम कंबरेवरच्या यंत्राला जवळजवळ दिसतच नाहीत. यासाठी सोबत एक साधी दैनंदिनी द्यावी.

हालचाल आणि क्षमता यांची गल्लत होऊ देऊ नये. खेलो इंडियाच्या चाचण्यांतील ५० मीटर आणि ६०० मीटर धाव किंवा लवचिकतेची मोजणी मुलाची क्षमता सांगते. ते दिवसभर किती हलले हे त्यातून कळत नाही. वजन घ्यायचेच असेल तर पालकांची संमती व मुलाचा होकार घेऊन आडोशाला घ्यावे, आणि आकडा मोठ्याने वाचू नये.

नमुन्यात महापालिकेच्या व खासगी, अशा दोन्ही प्रकारच्या शाळा असाव्यात, आणि शाळेबाहेरची मुलेही सुटू नयेत.

शेवटी श्रेणी द्यायची. २०२२ मध्ये ५७ देश व प्रदेशांनी ज्या पद्धतीने मुलांच्या हालचालीची प्रगतिपुस्तके केली, तिच्यात एकूण हालचाल, संघटित खेळ, मुक्त खेळ, चालत वा सायकलने प्रवास, बैठे वर्तन, क्षमता, कुटुंब व मित्र, शाळा, परिसर आणि शासन असे १० निर्देशक असतात. निकष पूर्ण करणारी मुले ९४ टक्के वा अधिक असल्यास ए प्लस, २० टक्क्यांहून कमी असल्यास एफ, आणि पुरेशी माहिती नसल्यास ‘अपूर्ण’ अशी नोंद होते. मुक्त खेळाविषयी हाती काहीच नसताना अंदाजाने ‘सी’ लिहिण्याचा मोह होतो. तेथे ‘अपूर्ण’च लिहावे, आणि प्रत्येक श्रेणीशेजारी विचारलेला प्रश्न शब्दशः व पाहणीच्या तारखा छापाव्यात.